सरफेस ग्राइंडरचं व्हील: आधी बसवणं, मग बॅलन्सिंग

प्रश्न असा आहे: टूलरूममधल्या छोट्या सरफेस ग्राइंडरवर २०० × २० × ३१.७५ मिमीचं (व्यास × जाडी × मधलं भोक) नवीन व्हील लावलं, ड्रेसिंग (डायमंडच्या टोकाने परीघ कापून गोल आणि धारदार करणं) केलं, तरी जॉबवर, म्हणजे घासल्या जाणाऱ्या तुकड्यावर, सारख्या अंतराने आडव्या लाटा दिसतात. सोबतचे जुने कारागीर म्हणतात, एवढ्याशा व्हीलला बॅलन्सिंग लागत नाही, ड्रेस केलं की झालं. मग बॅलन्सिंग स्टँड (व्हीलची जड बाजू शोधायचा स्टँड) घ्यावा का, आणि घेतला तर नेमकं करायचं कसं?

स्टँड घ्या. पण तो आला की लाटा जातील असं धरून चालू नका. ‘व्हील बॅलन्स नाही’ म्हणून जी तक्रार येते, तिचं मूळ बऱ्याचदा बसवण्यात सापडतं. फ्लँजखाली (व्हील दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या) जुन्या कागदाचा तुकडा अडकलेला असतो, टेपरवर, म्हणजे व्हील फिरवणाऱ्या दांड्याच्या (स्पिंडलच्या) निमुळत्या टोकावर, ओरखडा उठलेला असतो, किंवा व्हील बोअरमध्ये (मधल्या भोकात) एका अंगाला सरकून बसलेलं असतं. ही कारणं तशीच ठेवून वजनं सरकवलीत तर व्हील तेवढ्यापुरतं शांत होतं, पुढच्या वेळी काढून लावलं की पुन्हा तेच. म्हणून हे उत्तर बसवण्यापासून सुरू करतो.

त्याआधी जुन्या कारागिरांच्या म्हणण्याबद्दल. ते निम्मं बरोबर आहे. व्हील फिरत असताना डायमंडने ड्रेस करता, तेव्हा स्पिंडल ज्या लयीत हलतो आहे त्याच लयीत व्हीलचा परीघ कापला जातो. त्यामुळे फेरीला एकदा येणारा धक्का जॉबपर्यंत पोचायचा बराच कमी होतो. छोट्या, अरुंद व्हीलवर एवढ्यावर काम निभावतं, हे खरं. पण असमतोल कुठे गेलेला नसतो, फक्त झाकला जातो. बेअरिंगवरचा मार चालूच राहतो. मशीन तापलं, व्हीलने कूलंट शोषलं किंवा झिजून व्यास कमी झाला, की हलण्याची लय बदलते आणि सकाळी केलेलं ड्रेसिंग दुपारी पुरत नाही.

मार किती असतो ते आकड्यात बघा. २८०० आरपीएमला १०० मिमी त्रिज्येवर फक्त ५ ग्रॅम जास्त असले, तर केंद्रापासून बाहेर खेचणारं बल सुमारे ४३ न्यूटन होतं, म्हणजे साधारण साडेचार किलोचा झटका. तो सेकंदाला जवळपास ४७ वेळा दिशा बदलत फिरतो. आणि हे बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. आपण ज्या मशीनवर मायक्रॉन शोधतो, त्याच्या स्पिंडलला हे दिवसभर सोसावं लागतं.

आता व्हील हातात घ्या. लेबलवरचा कमाल वेग आधी वाचा आणि आपल्या मशीनशी ताडून बघा. २०० मिमी व्हीलवर ३३ मीटर प्रति सेकंद लिहिलं असेल तर ते सुमारे ३१५० आरपीएमपर्यंतच चालतं. २८०० च्या मशीनवर त्याचा परिघाचा वेग साधारण २९ मीटर येतो, म्हणजे ठीक. तेच व्हील ३४५० च्या मशीनवर लावलं तर ३६ मीटरवर जातं, आणि ते चालणार नाही. स्पिंडलला फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसवला असेल तर हा हिशेब कमाल फ्रिक्वेन्सी धरून करा. ड्राइव्हची मर्यादा कुणीतरी कधीतरी वाढवून ठेवलेली असते आणि ती कुठेही लिहिलेली नसते.

मग वाजवून बघणं. छोटं व्हील बोअरमधून बोटावर किंवा गुळगुळीत दांड्यावर लटकवा, मोठं असेल तर स्वच्छ, टणक जमिनीवर उभं धरा. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिक मूठ किंवा लाकडी दांडा घ्या, लोखंडी हातोडी नको. उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिमी आत हलकी टिचकी मारा. अगदी मध्यरेषेवर मारू नका, तिथे आवाज दबतो. मग व्हील फिरवून उरलेल्या भागावर पुन्हा. चांगलं व्हिट्रिफाइड (चिनीमातीसारख्या भाजलेल्या बाँडचं) व्हील खणखणीत वाजतं आणि आवाज क्षणभर रेंगाळतो. तडा असेल तर बद्द आवाज येऊन तिथेच मरतो. रेझिन बाँडचं व्हील मुळातच कमी वाजतं, त्याची तुलना त्याच प्रकारच्या दुसऱ्या चांगल्या व्हीलशीच करायची. ओलं किंवा धुळीने माखलेलं व्हीलही बद्द वाजतं, म्हणून आधी कोरडं आणि स्वच्छ करून घ्या. शंका राहिली तर ते व्हील लावायचं नाही. ‘हळू हळू चालवून बघू’ हा पर्याय इथे नाही.

फ्लँजकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि खोड तिथेच असते. दोन्ही फ्लँज एकाच व्यासाचे हवेत, आणि तो व्यास व्हीलच्या किमान एक तृतीयांश. २०० मिमी व्हीलला ६७ मिमीच्या खाली जाऊ नका. आतून ते खोलगट असतात, म्हणजे व्हीलवर फक्त बाहेरचा पट्टा टेकतो. तो पट्टा सरफेस प्लेटवर निळा (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावून तपासा. सारखा उमटला पाहिजे. वर्षानुवर्षं नट करकचून आवळल्याने बाहेरचा फ्लँज वाकतो आणि बोअरच्या जवळ टेकायला लागतो. तिथे दाब आला की व्हीलला जिथे नको तिथे ताण बसतो. बर (उठलेली बारीक धार) असेल तर ऑइल स्टोनने हलका काढा.

फ्लँज आणि व्हीलच्या मध्ये ब्लॉटर, म्हणजे ती कागदी चकती, दोन्ही बाजूंना एकेकच. व्हीलवर चिकटवलेलं कंपनीचं लेबल हाच बहुतेक वेळा ब्लॉटर असतो. ते जाड वाटतं म्हणून खरवडायचं नाही, आणि सैल वाटतं म्हणून दुसरं भरायचं नाही. ब्लॉटर फ्लँजपेक्षा किंचित मोठा असावा. जुन्या ब्लॉटरची खपली फ्लँजला चिकटून राहिली असेल तर व्हील तिरकं बसतं, आणि बाजूला डोलणारं व्हील कितीही वजनं सरकवली तरी सरळ चालणार नाही.

बोअरमध्ये व्हील हाताने सरकत आत गेलं पाहिजे. ठोकून बसवायचं नाही, कारण चालताना हब (बोअरमधला धातूचा भाग) गरम होऊन फुगतो आणि घट्ट बोअरचं व्हील आतून तडकू शकतं. बोअर घासून मोठा करणंही वर्ज्य. याचा अर्थ थोडी फट राहणारच, आणि असमतोलाचा मोठा वाटा या फटीतूनच येतो. २०० × २० च्या व्हिट्रिफाइड व्हीलचं वजन साधारण १.४ किलो भरतं. ते केंद्रापासून ०.०५ मिमी सरकलं तर सुमारे ७० ग्रॅम-मिमी (वजन गुणिले सरकलेलं अंतर) असमतोल होतो, म्हणजे ८० मिमी त्रिज्येवर एक ग्रॅमही नाही. पण ३५० × ४० × १२७ चं व्हील घ्या. ते सात किलोंच्या वर जातं, आणि ०.१ मिमी सरकलं की ७०० ग्रॅम-मिमीच्या पुढे. मोठ्या मशीनवर बॅलन्सिंगशिवाय पान हलत नाही ते यामुळे. काही कंपन्या व्हीलवर वर दाखवणारा बाण छापतात. तो बाण वर ठेवून, व्हील फटीत आपोआप खाली टेकलेल्या स्थितीत नट आवळायचा. बाण नसेल तर खडूने आपली खूण करा आणि दर वेळी तीच वर ठेवा. नवं व्हील पूर्ण समतोल असेल अशी अपेक्षाही ठेवू नका. कारखान्यातून निघताना व्हीलमध्ये किती असमतोल चालतो याचं आयएसओ ६१०३ हे प्रमाणच आहे, म्हणजे थोडा असतोच.

नट किती आवळायचा? व्हील फ्लँजमध्ये घसरणार नाही इतका. पान्याला पाइप लावून नाही, आणि पान्यावर हातोडी मारून तर नाहीच. अनेक बोल्टचा फ्लँज असेल तर समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने घ्या. नटाचे आटे बहुतेक छोट्या मशीनवर डावे असतात, कारण समोरून बघताना व्हील घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि डावा आटा त्या फिरण्याने सुटत नाही. इथे एक सवय लावून घ्या: मोटरचं किंवा पॅनेलचं विजेचं काम झालं की व्हील न लावता मशीन क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा बघायची. दोन फेज अदलाबदल झाले तर स्पिंडल उलटा फिरतो आणि तोच नट सुटायला लागतो.

टूलरूम ग्राइंडरवर व्हील बहुधा टेपर बोअरच्या अडॅप्टरवर (फ्लँजसह व्हील धरणारा हब) असतं, आणि तो अडॅप्टर स्पिंडलच्या टेपरवर बसतो. हा टेपर बसवताना घाई नको. आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, मग तळहाताने पुसा. फडक्याला न लागलेला कण तळहाताला जाणवतो. ग्रीस नको, तेलाचा थरही नको. अडॅप्टर चढवून हलका दाबलात की तो धरल्यासारखा वाटला पाहिजे. डुगडुगला तर निळा लावून बघा, उंचवटा लगेच कळेल. स्पिंडलवर आणि अडॅप्टरवर एकेक खूण करून दोन्ही खुणा दर वेळी समोरासमोर आणा. काढताना एक्स्ट्रॅक्टर (अडॅप्टर ओढून काढणारं हत्यार) वापरा. अडॅप्टर ठोकून सैल करणं म्हणजे बेअरिंगवर घाव घालणं.

आणि यातली सगळ्यात मोलाची गोष्ट: प्रत्येक व्हीलला स्वतंत्र अडॅप्टर. नेहमी वापरातली चार व्हील असतील तर चार अडॅप्टर घ्या. स्टँडच्या आधी पैसे इथे घाला, असंच मी सांगेन. व्हील एकदा अडॅप्टरवर बसवून, ड्रेस करून, बॅलन्स केलं की झिजून संपेपर्यंत त्यावरून उतरवायचं नाही. बदलताना पूर्ण संच निघतो, पूर्ण संच बसतो. टेपर चांगला असेल तर परत लावलेलं व्हील जवळजवळ जिथल्या तिथे येतं, आणि हलक्या ड्रेसिंगवर काम सुरू होतं. व्हील वाया जात नाही, केलेलं बॅलन्सिंगही टिकतं.

बसवून झालं की गार्ड बंद करून, व्हीलच्या रेषेतून बाजूला उभं राहून, किमान एक मिनिट रिकामं फिरवा. मग पहिलं ड्रेसिंग. बॅलन्सिंगच्या आधी हे लागतंच, कारण गोल नसलेल्या व्हीलचा समतोल साधलात तर गोल करताना तो पुन्हा बिघडतो. डायमंड मॅग्नेटिक चकवर (जॉब चुंबकाने धरणारा पाट) ठेवताना टोक व्हीलच्या मध्यरेषेच्या थोडं डावीकडे, ५-६ मिमी, म्हणजे खालचा परीघ ज्या बाजूला जातो त्या बाजूला. आणि १० ते १५ अंश फिरण्याच्या दिशेने कललेलं. असं ठेवलं तर डायमंड ओढला जाऊन व्हीलमध्ये घुसत नाही. पहिला स्पर्श सगळ्यात उंच जागी करा आणि तिथून कडेकडे जा. एका फेरीत ०.०२ मिमीच्या आसपास, शेवटच्या फेऱ्या ०.०१ किंवा त्याहून कमी.

आता स्टँड. दोन प्रकार मिळतात. एकात दोन समांतर धारा असतात, ज्यांवर मँड्रेल (व्हील ज्यावर बसवतात तो दांडा) लोळतो. दुसऱ्यात एकमेकांवर आलेल्या पातळ चकत्यांच्या दोन जोड्या असतात. धारांचा स्टँड जास्त संवेदनशील, पण तो चांगल्या स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना तंतोतंत समपातळीत लावावा लागतो. नाहीतर व्हील उताराकडे लोळतं आणि तुम्ही त्याला जड बाजू समजता. चकत्यांचा स्टँड पातळीच्या बाबतीत बराच क्षमाशील असतो, पण चकत्यांच्या बेअरिंगमध्ये धूळ गेली की तो फसवतो. टूलरूमला चकत्यांचा पुरतो. मँड्रेल मात्र सरळ, बर नसलेला आणि अडॅप्टरच्या टेपरशी जुळणारा हवा. मँड्रेल वाकडा असेल तर तुम्ही त्याचाच असमतोल व्हीलमध्ये भरता. व्हील लावण्याआधी रिकामा मँड्रेल आणि रिकामा अडॅप्टर स्टँडवर ठेवून बघा. अडॅप्टरचा स्वतःचा जडपणा एकदाच काढून टाकला की पुढे प्रत्येक नव्या व्हीलला तेवढी कटकट कमी.

ज्या अडॅप्टरला खोबण आणि त्यात सरकणारी तीन वजनं असतात, त्याची रीत अशी. तिन्ही वजनं काढा. व्हील स्टँडवर ठेवून मोकळं सोडा. ते झुलेल, झुलणं कमी होत जाईल आणि थांबेल. जड बाजू खाली, हलकी बाजू वर. पण पहिल्याच थांबण्यावर खूण करू नका. घर्षणामुळे व्हील खऱ्या जागेच्या थोडं अलीकडेच अडतं. एकदा उजवीकडून हळूच सोडा, एकदा डावीकडून, दोन्ही वेळा वर आलेली जागा खडूने टिपा आणि मधली जागा खरी धरा. एवढ्या एका काळजीने पुढचा अर्धा वेळ वाचतो.

त्या खुणेवर पहिलं वजन घट्ट करा. उरलेली दोन त्याच्यापासून दोन्ही बाजूंना १२० अंशांवर लावा. तिन्ही सारखी असतील तर ती एकमेकांना खोडतात, म्हणजे व्हील अजून मूळ स्थितीतच आहे. आता खूण आडवी, घड्याळातल्या नऊच्या जागी आणून सोडा. खूण वर जायला लागली तर ती बाजू अजून हलकी आहे. दोन्ही वजनं सारखीच, थोडीथोडी, पहिल्या वजनाकडे सरकवा. खूण खाली गेली तर जास्त झालं, मागे घ्या. ती आडवी ठेवल्यावर जिथल्या तिथे राहिली की व्हील पाव फेरी फिरवून खूण वर आणा. इथे व्हील कलंडलं तर मुळातली खूणच थोडी बाजूला पडली होती. तेव्हा दोन्ही वजनं एकाच दिशेला किंचित न्या. शेवटी दर ४५ अंशांवर थांबवून बघा. आठही ठिकाणी व्हील निमूट राहिलं पाहिजे.

किती बारीक जायचं, हे तुमच्याच स्टँडला विचारा. बॅलन्स झालेल्या व्हीलच्या कडेला, आडव्या रेषेवर, मळलेल्या मातीची बारीकशी गोळी चिकटवा. व्हील हलेपर्यंत गोळी वाढवत जा आणि मग तिचं वजन करा. ती तुमच्या स्टँडची मर्यादा, त्याहून बारीक असमतोल त्याला दिसतच नाही. गोळी एक ग्रॅमच्या पुढे गेली तर आधी मँड्रेल आणि बेअरिंग साफ करा.

छोट्या मशीनच्या साध्या अडॅप्टरला वजनांची खोबण नसते. तिथे हीच माती कामाला येते. हलक्या बाजूला फ्लँजवर लावून समतोल साधा, मातीचं वजन गुणिले त्रिज्या काढा, आणि समोरच्या, जड बाजूला बाहेरच्या फ्लँजमध्ये तेवढ्याच गुणाकाराचं उथळ भोक पाडा. पोलादात ६ मिमी व्यासाचं ४ मिमी खोल भोक म्हणजे जवळपास ०.९ ग्रॅम. भोक आरपार नको, टेकणाऱ्या पट्ट्याजवळ नको, आणि फ्लँज पातळ असेल तर हा मार्गच नको. व्हीलमध्ये भोक पाडणं किंवा ते खरवडणं हा तर विचारही करू नका. मला विचाराल तर भोकांपेक्षा वजनांच्या खोबणीचा अडॅप्टर घेणं बरं, कारण पुढचं व्हील आलं की जुनी भोकं चुकीच्या जागी असतात.

सरफेस ग्राइंडरचं व्हील व्यासाच्या मानाने अरुंद असतं, त्यामुळे स्टँडवरचं एका प्रतलातलं बॅलन्सिंग पुरतं. डायमंड आणि सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) व्हीलची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा रनआउट (फिरताना परीघाचं आत-बाहेर होणं) ड्रेस करून काढणं महाग पडतं, म्हणून बसवतानाच तो मोजणारा डायल इंडिकेटर लावायचा. नट अर्धवट आवळून, उंच बाजूला लाकडाच्या तुकड्याने हलकेच टिचकी देत ०.०२ मिमीच्या आत आणा आणि मग पूर्ण आवळा.

बॅलन्स केलेलं व्हील परत स्पिंडलवर चढवल्यावर पुन्हा हलकं ड्रेसिंग हवं. मोठ्या व्हीलला त्यानंतर दुसऱ्यांदा स्टँडवर नेणं फायद्याचं ठरतं. व्हील बरंच झिजलं की पुन्हा तपासा, आतली घनता सगळीकडे सारखी नसते.

कूलंट वापरत असाल तर काम संपताना आधी कूलंट बंद करा आणि व्हील काही मिनिटं कोरडं फिरू द्या. व्हील सच्छिद्र असतं. ओलं असताना थांबवलं तर पाणी उतरून खालच्या अर्ध्यात साठतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बॅलन्स केलेलं व्हील थरथरत सुरू होतं.

एवढं सगळं करूनही लाटा राहिल्या तर त्यांच्यातलं अंतर मोजा. टेबल मिनिटाला १० मीटर चालतो आणि व्हील २८०० वर फिरतं, तर फेरीला एकदा येणाऱ्या खुणांमध्ये साधारण ३.६ मिमी अंतर पडतं. टेबल १५ मीटरवर नेला तर ते ५.४ मिमी झालं पाहिजे. तुमच्या जॉबवर हेच अंतर येत असेल तर दोष व्हीलमध्ये किंवा त्याच्या बसवण्यात आहे, परत टेपरपासून सुरुवात करा. अंतर जुळत नसेल तर बॅलन्सिंग थांबवा आणि बेल्ट, मोटर, बेअरिंग बघा. व्हील काढून स्पिंडल फिरवा. थरथर तशीच असेल तर व्हीलचा संबंध नाही. चालू मशीन बंद करून हेडवर हात ठेवा: वीज तुटताच थरथर गेली तर मोटरकडे संशय, वेग उतरेल तशी हळूहळू गेली तर फिरणाऱ्या वस्तुमानाकडे. आणि लाटा ड्रेसिंगनंतर लगेच नसून काही पास झाल्यावर उमटत असतील, त्याही बारीक आणि अनियमित, तर व्हील त्या मटेरियलला कठीण पडतंय आणि चकाकी धरतंय. त्याला वजनं नाहीत, एक-दोन ग्रेड मऊ व्हील लागतं.